शूटआउटमधला गोल स्ट्रायकरच्या खात्यात जातो का?

‘फुटबॉलमध्ये पेनल्टी शूटआउटमधले (सामना बरोबरीत सुटल्यावर आळीपाळीने मारलेल्या किकमधले) गोलही स्ट्रायकरच्या, म्हणजे आघाडीच्या खेळाडूच्या, कारकिर्दीतल्या गोलांत धरतात’ असा समज वर्षानुवर्षं फिरतोय. चेंडू जाळ्यात गेलेला दिसतो, त्यामुळे असं वाटणं साहजिक आहे. पण शूटआउटमध्ये फक्त पुढे कोण जाणार एवढंच ठरतं. सामना बरोबरीतच नोंदला जातो.

१९८२ ची सेव्हिलमधली वर्ल्डकप सेमीफायनल बघा. पश्चिम जर्मनी-फ्रान्स ३-३, शूटआउट ५-४. निर्णायक शेवटची किक जर्मन स्ट्रायकरनेच मारली, तरी जर्मनीच्या त्या तीन गोलांत त्याचं नाव नाही. फ्रान्सची २७व्या मिनिटाची पेनल्टी मात्र गोल धरली गेली, कारण ती सामना चालू असतानाची होती.

पडताळायला स्कोअरकार्ड उघडा. मोजल्या जाणाऱ्या गोलापुढे मिनिट लिहिलेलं असतं, अगदी याच सामन्यातल्या जादा वेळेतल्या १०८व्या मिनिटाच्या बरोबरीच्या गोलापुढेही. शूटआउटची यादी वेगळी असते आणि तिथे मिनिट नसतं.