स्की-चोरी आणि स्कीची राखण

स्की-चोरी आणि स्कीची राखण : बर्फावरच्या खेळांच्या रिसॉर्टमध्ये उपाहारगृह, लिफ्टचे (उतारावरून वर नेणाऱ्या पाळण्यांचे) स्थानक किंवा हॉटेल यांच्या दाराबाहेर ठेवलेल्या स्की (बर्फावर घसरायला पायांत अडकवायच्या दोन लांब पट्ट्या) व स्नोबोर्ड (दोन्ही पाय ठेवायची एकच रुंद फळी) चोरीला जाणे, आणि ते टाळण्यासाठी खेळणारे, रिसॉर्टचालक व भाड्याने साहित्य देणारे दुकानदार करतात ती तजवीज. युरोपातील आल्प्स आणि उत्तर अमेरिकेतील मोठी रिसॉर्ट या दोन्ही ठिकाणी हा प्रश्न जुना आहे.

एवढी महाग वस्तू माणसे उघड्यावर का सोडून जातात, हे कळायला पायातले बूट पाहावे लागतात. स्कीचा बूट कडक प्लास्टिकचा असतो. त्यात घोटा वाकत नाही, त्यामुळे फरशीवरून चालताना टाच खटखट आपटत जावे लागते. त्यात दीड-पावणेदोन मीटर लांबीच्या, पोलादी धारेच्या दोन ओल्या स्की आणि दोन काठ्या घेऊन गर्दीच्या उपाहारगृहात शिरणे शक्यच नसते, आणि बहुतेक ठिकाणी त्याला परवानगीही नसते. म्हणून दारातल्या लाकडी किंवा लोखंडी रॅकमध्ये स्की उभ्या करून सगळे आत जातात. बाइंडिंगसह (बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या खटक्यासह) चांगल्या नव्या जोडीची किंमत ६०० ते १,००० युरोपर्यंत सहज जाते, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या स्कूटरइतका ऐवज. स्कूटरला किल्ली तशीच ठेवून कोणी सोडून जात नाही. स्की मात्र शेकड्यांनी तशाच उभ्या असतात.

चोराचे काम सोपे होण्याचे आणखी एक कारण बाइंडिंगमध्ये आहे. पूर्वी स्की पायातून सुटली तर उतारावरून एकटीच घरंगळत जाऊन कोणाला लागू नये म्हणून ती पट्ट्याने पायाला बांधलेली असे. १९७० च्या दशकात या पट्ट्याच्या जागी स्प्रिंगचा ब्रेक आला. बूट निघाला की ब्रेकचे दोन दांडे खाली येतात आणि बर्फात रुततात. दोन स्कींचे तळ एकमेकांना लावले की हेच दांडे परस्परांत अडकतात, जोडी एकसंध होते आणि सरळ खांद्यावर टाकता येते. मालकासाठी ही मोठी सोय आहे, चोरासाठीही तितकीच. रॅकमधून जोडी उचलायला दोन-तीन सेकंद पुरतात, आणि त्या आवारात जो तो खांद्यावर स्की घेऊनच चालत असल्याने कोणी कोणाला हटकत नाही.

म्हणून सर्वांत जुनी आणि बिनखर्चाची युक्ती जोडी फोडण्याची आहे. एक स्की या टोकाच्या रॅकमध्ये, दुसरी त्या टोकाला. दोघे मित्र असतील तर आपली एक आणि त्याची एक अशी बेजोड जोडी लावतात. एकट्या स्कीचा कोणाला उपयोग नाही आणि ती विकतही नाही. दुसरी शोधायला चोराला रॅकमागून रॅक न्याहाळत फिरावे लागते, आणि तसे फिरणारा माणूस लगेच नजरेत भरतो. प्रशिक्षक आणि स्थानिक मंडळी हे इतक्या सहजपणे करतात की त्यात सावधगिरी आहे हे पाहणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते एकच गोष्ट शिकायची असेल तर ही शिकावी. मात्र आपली दुसरी स्की कुठे ठेवली ते नीट लक्षात ठेवावे लागते. जेवणाच्या तासाभरात जोराचा बर्फ पडला की सगळ्या रॅक सारख्याच पांढऱ्या दिसू लागतात.

यापुढची पायरी कुलपाची. स्कीसाठी वापरतात ते कुलूप तळहातात मावणारे असते : डबीतून ओढून काढायची बारीक पोलादी तार आणि तीन किंवा चार आकड्यांची चकती. तार रॅकच्या आडव्या दांडीभोवती आणि दोन्ही स्कींच्या मधोमध, बाइंडिंगच्या पुढच्या व मागच्या भागांच्या दरम्यान फिरवायची. स्की कमरेशी अरुंद आणि दोन्ही टोकांना रुंद असते, शिवाय बाइंडिंग आडवे येते; त्यामुळे तार वरून किंवा खालून सरकवून काढता येत नाही. तार शेंड्याजवळ गुंडाळली तर मात्र कुलूप असून नसल्यासारखे. अशी तार चांगल्या पकडीने तुटते, हे खरे आहे. पण रॅकजवळचा चोर बहुधा हत्यार घेऊन आलेला नसतो. जे सुटे दिसेल ते उचलून तो निघतो, आणि त्याला थांबवायला एवढी तार पुरते. कुलपाची खरी अडचण थंडीची आहे. आकड्यांच्या फटीत वितळलेला बर्फ शिरून गोठतो आणि चकत्या फिरेनाशा होतात. अशा वेळी हातमोजा काढून कुलूप मुठीत धरायचे, मिनिटभराने त्यावर ऊन श्वास सोडायचा आणि एकेक आकडा हलक्या हाताने सोडवायचा. जीभ लावायची नाही. गोठलेल्या धातूला ती चिकटते.

स्नोबोर्डची गोष्ट निराळी आहे. तो एकच असतो, त्यामुळे जोडी फोडण्याचा मार्ग इथे बंद. शिवाय बोर्डावर ब्रेक नसतो, म्हणून तो घसरू नये यासाठी बर्फावर पालथा, बाइंडिंग खाली करून ठेवायची रीत आहे, आणि असा पडलेला बोर्ड जाता जाता काखेत मारणे अगदीच सोपे. बोर्डवाल्याने कुलपावरच भर द्यावा. तार बाइंडिंगच्या टाचेकडच्या कड्यातून ओवून रॅकला बांधावी. दोघे-तिघे असतील तर सगळ्यांचे बोर्ड एकाच तारेत ओवावेत, कारण तीन बोर्डांचे बोचके घेऊन कोणी पळत नाही.

रिसॉर्टची व्यवस्था प्रदेशागणिक बदलते. ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडमध्ये हॉटेलांना तळमजल्यावर स्कीसाठी वेगळी खोली असते, आणि लिफ्टच्या खालच्या स्थानकाजवळ 'श्कीडेपो' नावाची कपाटे भाड्याने मिळतात. त्यांत बूट व हातमोजे रात्रभर गरम हवेवर सुकतात. अनेक ठिकाणी कपाट लिफ्टच्या पासातल्या चिपनेच उघडते. उत्तर अमेरिकेत माणसाच्या हाती साहित्य सोपवून बिल्ला घेण्याची पद्धत जास्त आढळते. युटा राज्यातील डिअर व्हॅली हे १९८१ मध्ये सुरू झालेले रिसॉर्ट या सेवेसाठी ओळखले जाते : गाडीतून स्की उतरवून घ्यायलाही तिथे कर्मचारी उभे असतात. (तिथे स्नोबोर्डला मात्र मनाई आहे.) रात्री स्की गाडीच्या टपावर किंवा खोलीच्या बाहेरच्या सज्जात ठेवणे कुठेच शहाणपणाचे नाही.

भाड्याच्या स्की चोरीला गेल्या तर दुकान भरपाई मागते, त्यामुळे फ्रान्समध्ये भाडे ठरवतानाच 'कास ए व्होल', म्हणजे मोडतोड व चोरी, यांचा जादा विमा घेता का असे विचारतात. तो घेण्याआधी अटी वाचायला हव्यात. काही रक्कम ग्राहकाने सोसायची असते, रात्री उघड्यावर राहिलेल्या साहित्याला संरक्षण नसू शकते, आणि पोलिसांकडे रीतसर तक्रार नोंदवल्याशिवाय दावा पुढे सरकत नाही. स्वतःच्या स्की असतील तर खरेदीची पावती आणि अनुक्रमांकाचा फोटो फोनमध्ये हवा. हा क्रमांक बहुधा स्कीच्या बाजूवर, शेपटीच्या अंगाला कोरलेला किंवा छापलेला असतो; तो ठाऊक नसेल तर सापडलेली स्की आपलीच हे सिद्ध करणे फार कठीण जाते.

२०२१ मध्ये अॅपलचा एअरटॅग बाजारात आल्यापासून असे छोटे शोधक बाइंडिंगच्या आसपास दडवण्याची पद्धत रूढ झाली. आसपासच्या लोकांच्या फोनवरून त्याचा ठावठिकाणा कळतो, त्यामुळे गर्दीच्या रिसॉर्टमध्ये तो चांगले काम करतो. त्याची मर्यादा उणे २० अंशांपर्यंतची आहे, आणि त्याच्या आधीच थंडीने बॅटरी मंदावू लागते. ठिकाण दिसले तरी आपण एकट्याने तिथे जाऊ नये, पोलिसांना दाखवावे.

गुलमर्ग किंवा औलीला जाणाऱ्या बहुतेक मराठी पर्यटकांना हा प्रश्न भेडसावत नाही, कारण तिथे स्की तासांच्या हिशेबाने मिळतात आणि शिकवणारा स्थानिक माणूस बरोबरच असतो. अमेरिकेत बे एरियातून (सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातून) ताहो सरोवराकाठच्या स्की-रिसॉर्टना शनिवार-रविवार जाणाऱ्या मराठी कुटुंबांना मात्र तो चांगलाच लागू पडतो, विशेषतः हंगामभरासाठी मुलांच्या स्की भाड्याने घेतलेल्यांना.

कारण हरवलेली प्रत्येक स्की चोरीला गेलेली नसते. एका दुकानाच्या भाड्याच्या शेकडो जोड्या रंगाने, नक्षीने, लांबीनेही सारख्या असतात, आणि दमलेला माणूस हाताला येईल ती जोडी घेऊन निघतो. यावर उपाय म्हणजे शेंड्याजवळ ठळक रंगाची फीत किंवा चिकटपट्टी लावणे. ती लांबूनही ओळखू येते. स्की दिसत नसतील तर आधी सगळ्या रॅक पुन्हा पाहाव्यात, मग हरवले-सापडले कक्षात सांगावे आणि शक्य असेल तर लिफ्ट बंद होईपर्यंत थांबावे. दुपारी चार-साडेचारला रॅक रिकाम्या होतात आणि कित्येकदा आपल्यासारखीच एक जोडी तिथे एकटी उरलेली दिसते. तिच्यावरच्या दुकानाच्या चिकटपत्रावर क्रमांक असतो. तो दुकानात कळवला की ती जोडी कोणाच्या नावावर गेली आहे ते वहीत किंवा संगणकात सापडते, आणि आपली स्की बहुतेक वेळा त्याच माणसाच्या हॉटेलात असते.