प्रतिपालित बालकांचे शाळांतर

जन्मदात्या कुटुंबापासून दुरावलेले व बालकल्याण समितीच्या (काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकांविषयी निर्णय घेणारी वैधानिक समिती) आदेशाने दुसऱ्या कुटुंबात वाढणारे बालक घराबरोबर शाळाही बदलते, त्या वेळी प्रवेश, कागदपत्रे, अभ्यासातील खंड आणि नव्या वर्गात रुळणे यांसाठी त्याला मिळणारे शालेय साहाय्य. प्रस्तुत नोंद मुख्यत्वे विदर्भाच्या ग्रामीण भागास धरून आहे.

‘संगोपन’ हा शब्द संस्कृत ‘गुप्’ (राखणे) या धातूपासून आला असून संस्कृतात त्याला लपवून ठेवण्याचीही छटा आहे. मराठीत जपून वाढवणे हाच अर्थ रूढ झाला. ‘प्रतिपालकत्व’ ही संज्ञा त्या मानाने अलीकडची दिसते. या दोहोंची व्याप्ती एकच मानावी काय, याविषयी मतभेद आहेत. बाल न्याय अधिनियम, २०१५ मधील प्रतिपालकत्वाच्या व्याख्येत बालकाचे ‘जैविक कुटुंब’ सोडून अन्य कुटुंब अभिप्रेत आहे. कलम ४४ मध्ये मात्र जैविक वा दत्तक आईवडील ज्यात नाहीत असे कुटुंब, किंवा असंबंधित (नात्यात नसलेले) कुटुंब, अशी शब्दयोजना आहे. व्याख्या काटेकोरपणे वाचल्यास आजी, मामा, मावशी यांचे घर वगळले जाते, तर कलम ४४ वरून ते सामावते. महाराष्ट्राच्या बालसंगोपन योजनेत तर आई किंवा वडील यांपैकी एकाजवळ राहणारी बालकेही येतात. त्यांना प्रतिपालित म्हणणे कठीण असून ते साहाय्य कलम ४५ मधील प्रायोजकत्वाच्या (बालकाच्या गरजांसाठी कुटुंबाला दिलेली आर्थिक वा अन्य मदत) अधिक जवळचे आहे. शाळेच्या दृष्टीने कलम ४४ चा व्यापक अर्थ अधिक ग्राह्य वाटतो, कारण मामाच्या गावी गेलेल्या मुलाचीही शाळा तितकीच बदलते.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ (अंमल १ एप्रिल २०१०) याच्या कलम ५ नुसार जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकाने शाळा सोडल्याचा दाखला, म्हणजे बोलीतील ‘टी.सी.’, तत्काळ द्यावयाचा असतो. तो मिळण्यास उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश लांबवू किंवा नाकारू शकत नाही, आणि विलंब करणारा मुख्याध्यापक शिस्तभंगाच्या कारवाईस पात्र ठरतो. कलम १४ वयाच्या पुराव्याअभावी, तर कलम १५ सत्र सुरू झाल्याच्या कारणाने प्रवेश नाकारण्यास मज्जाव करते. अमेरिकेतील २०१५ च्या शालेय शिक्षण कायद्यात अशा बालकास शक्यतो जुन्याच शाळेत ठेवण्याचे तत्त्व आहे. भारतीय कायद्याचा भर शाळांतर सुकर करण्यावर आहे.

सर्वाधिक दक्षता दाखलखारीज रजिस्टरमधील (विद्यार्थ्यांचा प्रवेश व शाळा सोडणे यांची नोंदवही) नोंदीत हवी. मराठी नावात मधले नाव वडिलांचे असल्यामुळे प्रवेशाच्या वेळी सांभाळणाऱ्या पुरुषाचे नाव तेथे सहज शिरते. दत्तकविधानाने पालकत्व बदलते, प्रतिपालनाने बदलत नाही. म्हणून मूळ नाव कायम ठेवून सांभाळणाऱ्याची नोंद पालक म्हणून स्वतंत्रपणे करणे योग्य होय. या चुकीचे परिणाम दूरगामी असतात. जातीच्या प्रमाणपत्रासाठी वडिलांकडील पुरावे लागतात (अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीच्या वास्तव्याचे) आणि मधले नाव जुळले नाही की शिष्यवृत्तीही अडते. शाळा सोडल्यानंतर रजिस्टरातील नाव दुरुस्त करणे फार अवघड असते.

विदर्भात उन्हाळ्यामुळे शाळा उर्वरित राज्यापेक्षा उशिरा उघडतात. त्यामुळे पश्चिम महाराष्ट्रातून आलेल्या मुलाचे आरंभीचे दिवस हुकत नाहीत, मात्र इकडून तिकडे गेलेल्याचे हुकतात. अनेक गावांत जिल्हा परिषदेची शाळा चौथी किंवा सातवीपर्यंतच असल्याने पुढे आणखी एक शाळांतर अटळ ठरते. मेळघाटातील कोरकू अथवा गडचिरोलीतील गोंडी, माडिया बोलणारे बालक वऱ्हाडी बोलणाऱ्या घरी आले, तर त्याचे मौन मंदबुद्धीचे लक्षण समजले जाण्याचा धोका असतो. वयानुरूप वर्गात प्रवेश देऊन शिक्षणहक्क अधिनियमाच्या कलम ४ मधील विशेष प्रशिक्षण अशा वेळी आवश्यक ठरते. बालकाची कौटुंबिक परिस्थिती वर्गासमोर सांगू नये. ती मुख्याध्यापक व वर्गशिक्षक यांच्यापुरतीच राहावी. भावंडांना शक्यतो एकाच कुटुंबात ठेवावे, असे बाल न्याय अधिनियमाचे कलम ४४ सांगते. शाळाही एकच असावी, हे त्याच्याशी सुसंगत आहे.

शिक्षणहक्काचे संरक्षण ६ ते १४ वयोगटापुरते, म्हणजे साधारणतः आठवीपर्यंतच आहे. नववी-दहावीत शाळा बदलणाऱ्या बालकास या कलमांचा आधार मिळत नाही आणि प्रवेश बहुधा समितीचे पत्र व मुख्याध्यापकाची तयारी यांवर अवलंबून राहतो.