पार्श्वभूमी: ॲरिझोनाचा हॉकी संघ आणि मैदानाचा करार

अडचणीत आलेला बर्फावरच्या हॉकीचा व्यावसायिक संघ आहे त्या शहरात टिकवायचा की दुसरीकडे न्यायचा, हा वाद अमेरिकेत आणि कॅनडात पुन्हा पुन्हा पेटतो. वाद पेटला की दोन्ही बाजू ॲरिझोनाचा, म्हणजे १९९६ साली फिनिक्सला आलेल्या आणि २०२४ साली यूटाला गेलेल्या कायोटीज संघाचा, दाखला देतात. वाळवंटात बर्फावरचा खेळ रुजणारच नव्हता, संघ हलवायला वीस वर्षं उशीर झाला, असं एक बाजू म्हणते. प्रेक्षक होते पण त्यांना धड मैदान मिळालं नाही, असं दुसरी बाजू म्हणते. मला दुसरी बाजू खरी वाटते आणि त्याची कारणं त्या शहरांच्या कागदपत्रांत आणि मतदानांत सापडतात.

कोल्हापूरकराला हा प्रश्न मुळातच चमत्कारिक वाटेल. आपल्याकडे संघ पेठेचा असतो, तालमीचा असतो. शाहू स्टेडियमवर फुटबॉलला पाटाकडील तालीम किंवा शिवाजी तरुण मंडळ उतरतं तेव्हा मालक कोण, हे कुणी विचारत नाही. दोन-चार हंगाम वाईट गेले म्हणून संघ सांगलीला नेऊ, असं पेठेत कुणी बोलून दाखवणार नाही. पण तेवढ्यावर निर्धास्त राहण्याचे दिवस गेले. २०२३ साली सुरू झालेल्या राज्याच्या टी-ट्वेंटी लीगमध्ये कोल्हापूरच्या नावाचा संघ आहे आणि त्याचे सामने पुण्याजवळ गहुंज्याला झाले. नाव आपलं, मैदान दुसरीकडे, मालकी खासगी. व्यावसायिक लीग आपल्या दारात आल्या आहेत, तेव्हा त्यांच्यासोबत येणारे प्रश्नही समजून घ्यायला हवेत.

संघ हलवण्याची चाल जुनी आहे. १९३४ साली ओटावाचा संघ सेंट लुईसला गेला आणि एका हंगामात बंद पडला. कॅन्सस सिटीचा संघ १९७६ साली कोलोरॅडोला आणि तिथून १९८२ साली न्यू जर्सीला गेला. अटलांटाचा १९८० साली कॅलगरीला गेला. नव्वदच्या दशकात तर रांगच लागली: १९९३ साली मिनेसोटाहून डॅलस, १९९५ साली क्वेबेकहून डेन्व्हर, १९९६ साली विनिपेगहून फिनिक्स, १९९७ साली हार्टफर्डहून नॉर्थ कॅरोलिना. क्वेबेकच्या लोकांना तर डेन्व्हरला गेलेल्या आपल्याच संघानं पहिल्याच हंगामात करंडक जिंकलेला पाहावा लागला.

या रांगेतलं विनिपेग नीट समजून घ्यावं लागतं. तिथले प्रेक्षक बर्फात जन्मलेले आणि संघावर जीव टाकणारे होते, तरी संघ गेला. खेळाडूंचे पगार अमेरिकी डॉलरमध्ये द्यायचे आणि तिकिटांचे पैसे कॅनडाच्या डॉलरमध्ये गोळा करायचे, असा तो व्यवहार होता. त्या काळात कॅनडाचा डॉलर अमेरिकेच्या ७३ सेंटच्या आसपास होता. पगारांवर मर्यादा नव्हती. मैदान जुनं होतं, महागड्या खुर्च्या आणि खासगी कक्ष फारसे नव्हते आणि नवं बांधायला पैसा उभा राहत नव्हता. शाळकरी पोरांनी आपले साठवलेले पैसे आणून दिले, लोकांनी वर्गणी काढली. रक्कम पुरली नाही. म्हणजे जिथं हॉकीचं वेड सर्वांत जास्त, तिथूनच संघ गेला. ‘प्रेक्षक नाहीत म्हणून हलवा’ हे कारण तिथं लागूच होत नव्हतं.

फिनिक्सला पोचलेल्या संघाला मिळालं ते बास्केटबॉलसाठी बांधलेलं सभागृह. हॉकीचा बर्फ बास्केटबॉलच्या मैदानापेक्षा कितीतरी लांब असतो. त्यामुळे एका टोकाच्या बऱ्याच खुर्च्यांवरून जवळचा गोलच दिसत नसे आणि त्या जागा स्वस्तात विकाव्या लागत. मालकांना स्कॉट्सडेलमध्ये, एका बंद पडलेल्या मॉलच्या जागेवर, स्वतःचं मैदान हवं होतं. बोलणी लांबली आणि २००१ साली ती योजना सोडून द्यावी लागली. मग पुढं आलं ग्लेनडेल हे फिनिक्सच्या पश्चिमेचं उपनगर. हंगामी तिकिटं घेणारा वर्ग मुख्यतः पूर्वेला, स्कॉट्सडेलच्या बाजूला राहत होता. कामावरून सुटून, गर्दीच्या वेळी शहर ओलांडून सामन्याला पोचायचं म्हणजे तासाभराची वाट. डिसेंबर २००३ मध्ये नवं मैदान उघडलं. सुमारे २२ कोटी डॉलर खर्च आला, त्यातले १८ कोटी ग्लेनडेल शहरानं घातले.

इथून पुढची गोष्ट मैदानाच्या या कर्जाभोवतीच फिरते. ग्लेनडेलची लोकसंख्या तेव्हा सव्वादोन लाखांच्या आसपास होती. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर महापालिकेच्या हद्दीत साडेपाच लाखांच्या जवळपास लोक होते. म्हणजे आपल्या निम्म्याहून लहान गावानं हे ओझं उचललं होतं. मैदानाभोवती दुकानं, हॉटेलं येतील, विक्रीकर वाढेल आणि कर्ज आपोआप फिटेल, असा हिशेब होता. २००८ च्या मंदीनं तो कोलमडला.

मे २००९ मध्ये तेव्हाच्या मालकानं संघाची दिवाळखोरी जाहीर केली आणि त्याच वेळी संघ कॅनडातल्या एका उद्योजकाला २१.२५ कोटी डॉलरला विकण्याचा करार पुढं केला. अट एकच होती, संघ ऑन्टारिओतल्या हॅमिल्टनला न्यायचा. लीगनं, म्हणजे हे सगळे संघ ज्यात खेळतात त्या एनएचएलनं, विरोध केला. संघ कुठं खेळेल हे मालकांच्या मंडळानं ठरवायचं, दिवाळखोरीच्या न्यायालयातून कुणी मागच्या दारानं ते ठरवू नये, हा तिचा मुद्दा होता. न्यायाधीशांनी जूनमध्ये आणि पुन्हा सप्टेंबरच्या अखेरीस हॅमिल्टनचा रस्ता बंद केला. लीगनं स्वतःच १४ कोटी डॉलरला संघ विकत घेतला. हा निकाल चाहत्यांच्या बाजूनं लागला असं तेव्हा लिहिलं गेलं. खरं तर तो लीगच्या अधिकाराच्या बाजूनं लागला होता. चाहत्यांना त्यात कुणी विचारलं नव्हतं.

नवा मालक मिळेपर्यंत मैदान चालू राहावं म्हणून ग्लेनडेलनं लीगला दोन हंगाम, दर हंगामाला अडीच कोटी डॉलर दिले. संघाची मालक लीग आणि तोट्याचा मोठा वाटा शहराच्या तिजोरीतून, अशी ती व्यवस्था होती. २०११ साली रोखे काढून शिकागोच्या एका गुंतवणूकदाराला मदत करायची योजना आली. सार्वजनिक पैसा खासगी धंद्याला देणं राज्यघटनेत बसत नाही, अशी हरकत करदात्यांच्या बाजूनं लढणाऱ्या एका संस्थेनं घेतली. रोखे विकले गेले नाहीत आणि गुंतवणूकदार निघून गेला. मैदानावर मात्र संघ त्याच काळात सर्वांत चांगला खेळत होता. २०१२ साली तो पश्चिम विभागाच्या अंतिम फेरीपर्यंत पोचला. त्याच वर्षी शहरानं विक्रीकर वाढवला.

जुलै २०१३ मधलं मतदान मला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं, म्हणून त्यावर थोडं थांबतो. नवे मालक १७ कोटी डॉलरला संघ घ्यायला तयार होते. त्यांची अट अशी की मैदान चालवण्याचं शुल्क म्हणून शहरानं त्यांना वर्षाला दीड कोटी डॉलर द्यायचे, पंधरा वर्षं. एकूण साडेबावीस कोटी. तिकिटांवरचा अधिभार आणि पार्किंगमधून शहराला काही पैसे परत मिळायचे. आणि पाच वर्षांनी एकत्रित तोटा ५ कोटी डॉलरवर गेला तर संघाला करार मोडून निघून जायची मुभा. नगर परिषदेनं हे चार विरुद्ध तीन मतांनी मान्य केलं.

या मतदानाच्या बाजूनं बोलणाऱ्यांचं म्हणणं मी हलकं मानत नाही. मैदान बांधून झालं होतं, कर्जाचे हप्ते चुकणार नव्हते. संघ गेला असता तर वर्षातल्या चाळीसहून जास्त रात्री ती इमारत अंधारात राहिली असती आणि आजूबाजूची दुकानं बसली असती. पण करार वाचला की दिसतं ते असं: शहर पंधरा वर्षांसाठी बांधलं गेलं आणि संघ फक्त पाच. बुडण्याची जोखीम एकाच्या गळ्यात आणि निघून जायची मोकळीक दुसऱ्याच्या हातात. अशा अटी घातलेला संघ ‘टिकला’ असं म्हणता येत नाही. त्याचं जाणं पुढं ढकललं गेलं, आणि त्याची किंमत ग्लेनडेलच्या रहिवाशांनी मोजली.

दोन वर्षांत शहराचं मत फिरलं. जून २०१५ मध्ये परिषदेनं पाच विरुद्ध दोन मतांनी करार रद्द केला. आधार घेतला तो राज्याच्या हितसंबंधविरोधी कायद्याचा. करारात ज्याचा हात होता असा सरकारी माणूस ठरावीक मुदतीत समोरच्या पक्षाच्या नोकरीत गेला तर करार मोडता येतो, अशी त्यात तरतूद आहे. शहराचा माजी वकील संघाच्या नोकरीत गेला होता. संघ न्यायालयात गेला. महिन्याभरात तडजोड झाली: मुदत फक्त दोन वर्षांची, शुल्क वर्षाला ६५ लाख डॉलर.

महापालिकेनं केलेला करार नागरिकांना किती बांधतो, हा प्रश्न कोल्हापूरला कुणी शिकवायला नको. शहरातल्या पन्नासेक किलोमीटर रस्त्यांसाठी ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ तत्त्वावर झालेला करार आणि त्यातला टोल लोकांनी रस्त्यावर उतरून नाकारला, तेव्हा करार झालाय, आता सही मोडता येत नाही, हेच आपल्याला ऐकवलं जात होतं. २०१५ च्या अखेरीस टोल गेला, पण कंपनीची भरपाई सरकारी तिजोरीतून द्यावी लागली. ग्लेनडेलच्या परिषदेनं त्याच वर्षी जे केलं, त्याला तिकडच्या क्रीडा पत्रकारांनी दगाबाजी म्हटलं. मी तसं म्हणणार नाही. कायद्यानं दिलेली वाट होती आणि ती कर भरणाऱ्यांच्या बाजूची होती. तरी एवढं मान्य करायला हवं, की त्यानंतर संघ आणि शहर यांच्यात विश्वास उरला नाही आणि भाडेकरार वर्षावर्षाचा झाला. पुढच्या हंगामात आपण कुठं असू हे ज्या संघाला सांगता येत नाही, त्याची हंगामी तिकिटं कोण घेणार? प्रेक्षकांची संख्या घसरली ती यानंतर लगेच भरून निघण्यासारखी नव्हती, आणि हलवण्याच्या बाजूचे लोक आज तेच आकडे पुराव्यादाखल दाखवतात.

पुढचं वेगानं घडलं. ऑगस्ट २०२१ मध्ये शहरानं भाडेकरार वाढवणार नाही असं कळवलं. डिसेंबरमध्ये थकलेल्या करापोटी मैदानाला कुलूप लावायचा इशारा दिला, तेव्हा पैसे भरले गेले. २०२२ पासून दोन हंगाम संघ फिनिक्सशेजारच्या टेंपी शहरात, विद्यापीठाच्या मैदानावर खेळला. तिथं हॉकीसाठी ४,६०० च्या आसपास खुर्च्या होत्या. जगातल्या सर्वांत मोठ्या हॉकी लीगचा संघ महाविद्यालयाच्या सभागृहात खेळतो म्हणून त्याची थट्टा झाली. मे २०२३ मध्ये टेंपीच्या नागरिकांनी मतदान केलं. ४६ एकरांच्या जुन्या कचरा डेपोवर मैदान, घरं आणि हॉटेलं असा २१० कोटी डॉलरचा प्रकल्प होता. जवळच्या विमानतळाचा घरांना विरोध होता. प्रकल्पासाठी मतदानाला ठेवलेले तिन्ही प्रस्ताव पडले. हे मतदान हॉकीविरुद्ध होतं असं मानायला आधार नाही; जमीन आणि करसवलत हे त्याचे विषय होते.

एप्रिल २०२४ मध्ये व्यवहार झाला. यूटामधल्या खरेदीदारानं १२० कोटी डॉलर मोजले. त्यातले १०० कोटी जुन्या मालकाला गेले आणि २० कोटी लीगमधल्या इतर मालकांमध्ये वाटले गेले. संघ हलतो तेव्हा मतदान करणाऱ्या मालकांनाच त्यातून पैसा मिळतो, हे लक्षात ठेवावं. २०११ साली अटलांटाचा संघ विनिपेगला गेला तेव्हाही १७ कोटींच्या व्यवहारात ६ कोटी स्थलांतर शुल्क होतं.

त्याच विनिपेगकडे इथं परत पाहावं लागतं. १९९६ साली टिकू न शकलेलं शहर २०११ साली संघ मिळवतं आणि १३ हजार हंगामी तिकिटं काही दिवसांत संपतात. प्रेक्षक पंधरा वर्षांत नव्यानं जन्मले नव्हते. २००४ साली शहरात नवं मैदान उभं राहिलं, २००५ पासून पगारांवर मर्यादा आली आणि २०११ मध्ये कॅनडाचा डॉलर अमेरिकी डॉलरच्या बरोबरीला होता. ॲरिझोनातही वेड कमी नव्हतं. लीगमधले संघ दरवर्षी नवे खेळाडू निवडतात, त्या २०१६ च्या निवडीत पहिल्या क्रमांकावर गेलेला मुलगा स्कॉट्सडेलमध्ये, याच संघाचे सामने बघत वाढला होता. वाळवंटात हॉकी रुजत नाही म्हणणाऱ्यांनी एवढं तरी ध्यानात घ्यावं.

२०२४ च्या व्यवहारात खेळाडू आणि प्रशिक्षक यूटाला गेले. नाव, चिन्ह आणि जुने विक्रम ॲरिझोनातच ‘निष्क्रिय’ म्हणून ठेवले गेले. पाच वर्षांत नवं मैदान बांधलं तर जुन्या मालकाला पुन्हा संघ मिळणार होता. उत्तर फिनिक्समधल्या सरकारी जमिनीचा लिलाव जूनमध्ये रद्द झाला आणि त्यानं तो हक्क सोडला. यूटाचा संघ कागदोपत्री नवा ठरला. ॲरिझोनाच्या चाहत्याला हे थोडं तरी बरं वाटलं असेल. विनिपेगच्या लोकांना १९९६ साली तेही मिळालं नव्हतं. त्यांच्या संघाचे विक्रम फिनिक्सला गेले आणि २०११ नंतरच्या त्यांच्या नव्या संघाला अटलांटाचे विक्रम चिकटले.

सॉल्ट लेक सिटीत संघ उतरला तोही बास्केटबॉलच्या सभागृहात. पूर्ण बर्फ दिसेल अशा खुर्च्या तिथं सुरुवातीला ११ हजारांच्या थोड्या वर होत्या. ते सभागृह आणि भोवतालचा भाग नव्यानं करण्यासाठी शहरानं विक्रीकर अर्ध्या टक्क्यानं वाढवला. १ जानेवारी २०२५ पासून तो लागू झाला आणि त्यातून ९० कोटी डॉलरपर्यंतचा सार्वजनिक पैसा उभा करायची परवानगी आहे.