जादा पाटा टाकला, तरी वजन तेवढंच

अमेरिकेत पिकअप ट्रकच्या हौद्यात घर चढवून हिंडणारे लोक पुष्कळ आहेत. या घराला तिथे कॅम्पर म्हणतात. झोपायला पलंग, स्वयंपाकाचा ओटा, फ्रिज, संडास, पाण्याची टाकी, सगळं त्यात असतं. मोठा कॅम्पर पाणी आणि सामान धरून दीड ते दोन टनांपर्यंत जातो. तो हौद्यात बसला की ट्रकची मागची बाजू खाली दबते, हेडलाइटचा झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर जातो आणि वळणावर गाडी डोलते. मग मालक मागचं सस्पेन्शन भक्कम करायला निघतो. या कामातलं पदार्थविज्ञान फार सुरेख आहे. पण त्याच्या आसपास एक धोकादायक समजूत रुजली आहे, की स्प्रिंग कडक केली म्हणजे ट्रकची वजन वाहण्याची क्षमता वाढली.

आधी वजन जातं कुठे ते पाहू. कॅम्पर १५०० किलोचा आणि ट्रकच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर ४.३ मीटर धरूया. कॅम्परचा गुरुत्वमध्य मागच्या एक्सलच्या १५ सेंटीमीटर पुढे असेल, तर पुढच्या चाकांवर जेमतेम ५२ किलो जातात. उरलेले सगळे, म्हणजे साडेचौदाशे किलो, मागच्या एक्सलवर. तोच मध्य एक्सलच्या ३० सेंटीमीटर मागे सरकला, तर मागे १६०५ किलो येतात आणि पुढची चाकं उलट १०५ किलोंनी हलकी होतात. पुढचं चाक हलकं होणं म्हणजे स्टिअरिंगची पकड जाणं. म्हणूनच हौद्यात कॅम्परचा गुरुत्वमध्य कोणत्या पट्ट्यात यायला हवा, ही माहिती ट्रकच्या उत्पादकाने ग्राहकाला दिलीच पाहिजे, असा अमेरिकेच्या केंद्र सरकारचा नियम आहे.

आता मागचे पाटे. आपल्याकडच्या ट्रकखाली दिसतात तेच, एकावर एक रचलेले वाकडे पोलादी पट्टे. रॉबर्ट हूकने १६७८ साली मांडलेला नियम त्यांनाही लागू पडतो: जेवढा भार, तेवढं दबणं. दीड टनाखाली ट्रक १० सेंटीमीटर दबत असेल आणि पाट्यांचा ताठरपणा पावणेदोन पट केला, तर तो सहाच्या आसपास सेंटीमीटर दबेल. हा ताठरपणा वाढवायचा कसा? तीन सारख्या पाट्यांत चौथा घातला, तर तो तेहतीस टक्के वाढतो. पण पाट्यांची संख्या तीच ठेवून जाडी नुसती १० टक्के वाढवली, तरीही तेहतीस टक्केच वाढतो, कारण ताठरपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात असतो. जाडी दुप्पट केली तर आठपट. पाटे बनवणाऱ्याला मिलिमीटरचा हिशेब ठेवावा लागतो तो यामुळे.

मात्र कडक पाट्यांची किंमत कॅम्पर उतरवल्यावर मोजावी लागते. स्प्रिंगवरची गाडी सेकंदाला किती वेळा वरखाली होईल, ते ती स्वतःच्या वजनाने किती दबली आहे यावर ठरतं. २५ सेंटीमीटर दबलेली गाडी सेकंदाला एकदा हलते, ५ सेंटीमीटर दबलेली सव्वादोन वेळा. ही गती जितकी वाढते तितके धक्के अंगाला जास्त जाणवतात. सेकंदाला चार ते आठ वेळा होणारी उभी कंपनं माणसाला सर्वांत असह्य वाटतात. म्हणून हुशार रचना अशी असते की रिकाम्या गाडीत वरचे मऊ पाटेच काम करतात आणि ठरावीक भार आल्यावरच खालचा जाड, सरळ पाटा त्यांना येऊन भिडतो. या पाट्याआधीच्या फटीत रबराचा ठोकळा बसवून तो लवकर कामाला लावणं, हा स्वस्तातला आणि माझ्या मते सर्वांत समंजस उपाय आहे.

दुसरा लोकप्रिय उपाय म्हणजे हवेच्या पिशव्या. एक्सल आणि चासी यांच्यामध्ये रबरी पिशवी बसवायची, कॅम्पर चढवला की हवा भरायची, उतरवला की सोडायची. हवेच्या स्प्रिंगचा ताठरपणा आतल्या दाबाबरोबर वाढतो, त्यामुळे भार वाढला की तीही कडक होते. हा गुण पोलादी पाट्यात नाही. पण दोन्ही बाजूंच्या पिशव्या एकाच नळीला जोडल्या, तर वळणावर दबलेल्या पिशवीतली हवा दुसऱ्या पिशवीत पळते आणि गाडी आणखीनच झुकते. नळ्या वेगळ्याच हव्यात.

पिशव्यांचा खरा प्रश्न चासीचा आहे. पाट्याची दोन टोकं चासीला एक्सलच्या पुढे आणि मागे, साधारण दीड मीटर अंतरावर जोडलेली असतात. भार तिथे दोन ठिकाणी वाटला जातो. पिशवी तोच भार नेमक्या एक्सलवरच्या एका ठिकाणी पेलते. फळी दोन हातांवर तोलण्याऐवजी मधोमध एका मुठीवर तोलावी, तसं हे होतं. मागे लोंबणाऱ्या वजनाचा आधार पुढे सरकतो आणि चासीवरचा वाकवणारा जोर वाढतो. ऑस्ट्रेलियातल्या खडबडीत रस्त्यांवर पिशव्या बसवलेल्या आणि मागे जास्त वजन लादलेल्या दुहेरी केबिनच्या पिकअपच्या चासी केबिन आणि हौदा यांच्यामध्ये वाकलेल्या आढळल्या आहेत. खड्ड्यात आदळताना भार क्षणभर दुपटीच्याही वर जाऊ शकतो, आणि चासी वाकते ती अशाच क्षणी.

डोलण्यावर जाड अँटी-रोल बार, म्हणजे डाव्या-उजव्या बाजूंना जोडून गाडीचं झुकणं रोखणारा पोलादी दांडा, चांगला चालतो. त्याचा पिळाला विरोध व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. व्यास १० टक्के वाढवला की विरोध शेहेचाळीस टक्क्यांनी वाढतो. गाडी सरळ राहते, चालवणाऱ्याला धीर येतो. पण वळणावर आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांकडे जाणारं वजन स्प्रिंग ठरवत नाही. ते गुरुत्वमध्याची उंची, चाकांमधली रुंदी आणि वळणाचा जोर ठरवतात. कॅम्परचा मध्य जमिनीपासून १.८ मीटरवर, चाकांमधली रुंदी १.७ मीटर आणि वळण गुरुत्वाकर्षणाच्या तीन दशांश जोराचं धरलं, तर एकट्या कॅम्परमुळे पावणेपाचशे किलो बाहेरच्या बाजूला जातात. बार कितीही जाड बसवला तरी या आकड्यात फारसा फरक पडत नाही. फक्त झुकणं दिसेनासं होतं, आणि मला काळजी वाटते ती याचीच: धोक्याची सूचना गेली, धोका तिथेच.

शॉक ॲब्सॉर्बरही विसरू नयेत. ताठरपणा आणि वस्तुमान दोन्ही दुप्पट झाले, तर झोके तितक्याच लवकर शमवायला दुप्पट जोर लागतो. जुने शॉक तसेच ठेवून नवे पाटे टाकले की गाडी उसळतच राहते.

आणि टायर. १२५ भारांक (टायरवर छापलेला, तो किती भार पेलतो ते सांगणारा आकडा) असलेला टायर पूर्ण हवेवर १६५० किलो पेलतो, म्हणजे मागची जोडी ३३०० किलो. त्यात ट्रकच्या मागच्या भागाचं स्वतःचं वजनही धरायचं असतं. पाटे बदलल्याने टायर, बेअरिंग, एक्सल आणि ब्रेक यांतलं काहीच बदलत नाही. चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या लेबलवर गाडीचं कमाल एकूण वजन आणि प्रत्येक एक्सलची मर्यादा छापलेली असते, आणि बाजारातला कुठलाही जादा पाटा ते आकडे वाढवत नाही.

म्हणून क्रम उलटा हवा. पाण्याची टाकी भरायची, माणसं बसवायची, सगळं सामान ठेवायचं आणि ट्रक वजनकाट्यावर न्यायचा. अमेरिकेत महामार्गांवरच्या ट्रक थांब्यांवर असे काटे असतात, ते प्रत्येक एक्सलचं वजन वेगळं छापून देतात. मागच्या एक्सलचा आकडा लेबलच्या आत असेल आणि तरीही गाडी दबत किंवा डोलत असेल, तर पाटे, ठोकळे, बार, शॉक यांवर खुशाल खर्च करावा. आकडा लेबलच्या वर गेला असेल, तर आधी टाकीतलं पाणी कमी करून पाहावं. दीडशे लिटर पाणी म्हणजे सरळ दीडशे किलो. तेवढ्याने भागत नसेल, तर हलका कॅम्पर घ्यावा, नाहीतर मागे चार टायर असलेला ट्रक.