गोल्फ क्लबवर गोल्फ कुठंय?

नाशिकमध्ये रिक्षावाल्याला नुसतं ‘गोल्फ क्लब’ म्हटलं की पुरतं, तो त्र्यंबक रोडकडे वळतो. उतरल्यावर दिसतात जॉगिंग ट्रॅकवरचे काका-मावश्या आणि मधोमध क्रिकेटची खेळपट्टी. इथे रणजीचे सामने होतात. गोल्फचं उरलंय ते नाव, साहेबाच्या काळातलं. अधिकृत नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद थिएटरात कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडणारे ते हेच कान्हेरे. साहेबाच्या मैदानाला त्यांचं नाव लागलं, हे झकासच झालं. आमच्या तोंडात मात्र अजून गोल्फ क्लबच.

भारतात हा खेळ फार लवकर आला. कलकत्त्याचा क्लब १८२९चा. ब्रिटनबाहेरचा सर्वांत जुना तोच मानतात. पण १८ होलचा हिशेब आला स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूजहून. होल म्हणजे पहिल्या फटक्यापासून चेंडू भोकात जाईपर्यंतचा एक टप्पा. तिथे एका फेरीत २२ होल होत. १७६४मध्ये पहिले चार फारच आखूड वाटले, म्हणून त्यांचे दोन केले. तेच होल परतीच्या वाटेवरही खेळायचे असल्याने एकूण चार घटले. आज जगभर चालणारा आकडा निघाला तो असा.

‘चॅम्पियनशिप कोर्स’ ही पदवी मात्र कुणी देत नाही. गोल्फ मैदानांच्या जाहिरातीत ती सढळ हाताने वापरतात. साधारण अर्थ असा: १८ होल, पार (म्हणजे फेरीसाठी ठरलेले फटके) ७२च्या आसपास, मागच्या टीवरून (टी म्हणजे पहिला फटका मारायची जागा) सात हजार यार्डांच्या घरात लांबी. बाहेरून येणाऱ्याने त्या लांबीला घाबरू नये. प्रत्येक होलला पुढेही टी असतात, आपल्या ताकदीची निवडायची. शिवाय हँडिकॅप आहेच. नवख्याला जादा फटक्यांची सूट मिळते आणि तो मुरलेल्या खेळाडूशी बरोबरीने खेळू शकतो. क्रिकेटमध्ये ही सोय नाही. काही क्लब पाहुण्याकडे हँडिकॅपचा दाखला मागतात, तो जवळ असू द्यावा.

ग्रीन फी, म्हणजे खेळायचं शुल्क, भरली की मैदान खुलं. बॅटरीवरची गाडी मिळत असली तरी पहिल्यांदा जाणाऱ्याने कॅडी, म्हणजे काठ्यांची पिशवी उचलणारा सोबती, घ्यावा. भोक १०८ मिलिमीटरचं, चेंडू जेमतेम ४३चा. शेजारी शेजारी अडीच चेंडू मावतील एवढीच जागा. सपाट दिसणारं ग्रीन, म्हणजे भोकाभोवतीची बारीक कापलेली हिरवळ, नेमकं कुठे उतरतं, हे रोज त्यावरून चालणाऱ्यालाच ठाऊक असतं.