विंडोज २० टक्के नेट राखून ठेवतं, हे खरं नाही

नेट मध्येच तुटायला लागलं की हमखास सल्ला मिळतो: विंडोज २० टक्के बँडविड्थ (नेटची डेटा वाहून नेण्याची क्षमता) स्वतःसाठी राखून ठेवतं, ग्रुप पॉलिसीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगमध्ये) जाऊन ते शून्य करा. २००१ च्या विंडोज एक्सपीपासून हे फिरतंय. मायक्रोसॉफ्टने एक्सपीच्याच काळात ते खोडून काढलं होतं. ती मर्यादा फक्त प्राधान्य मागणाऱ्या प्रोग्रॅमसाठी आहे. तसा प्रोग्रॅम चालू नसेल तर सगळी बँडविड्थ तुमचीच. शिवाय वेग कमी पडणं वेगळं आणि कनेक्शन तुटणं वेगळं.

आधी तुटतंय कुठे ते बघा. कमांड प्रॉम्प्टच्या (टाइप करून कमांड देण्याच्या प्रोग्रॅमच्या) दोन विंडो उघडा. एकीत राउटरच्या पत्त्याला (बऱ्याच घरांत १९२.१६८.१.१) सतत पिंग लावा (ping -t आणि पुढे पत्ता; समोरून उत्तर येतंय का ते ही कमांड तपासत राहते), दुसरीत ८.८.८.८ ला, म्हणजे बाहेरच्या गूगलच्या सर्व्हरला. नेट गेलं त्या क्षणी दोन्ही बघा. राउटर उत्तर देतोय पण बाहेरचं थांबलंय? मग कृपा करून विंडोज पुन्हा टाकत बसू नका, दोष राउटरमध्ये किंवा त्याच्या पुढच्या लाइनमध्ये आहे. राउटरच्याच विंडोत ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ येत असेल तर केबल बदलून बघा. क्लिप तुटलेली केबल नुसत्या धक्क्याने सुटते. वायफाय असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंटमधली, वीज वाचवायला कार्ड बंद करू देणारी टिक काढा.