नव्या फुलझाडाच्या वाणाची नोंदणी: नाशिकच्या नर्सरीवाल्यांनी रोप विकण्याआधी काय करावे

गुलाबाच्या संकरातून उगवलेल्या वाफाभर रोपांत एखादेच डोळ्यांत भरते. कधी बोगनवेलीच्या एकाच फांदीवर निराळा रंग येतो. गंगापूर रोडवरच्या नर्सऱ्यांत आणि जानोरी-मोहाडीकडच्या गुलाबाच्या पॉलिहाऊसमध्ये असे घडते. मग डोळे भरून (कळीचे कलम करून) रोपे वाढवली जातात, नाव पडते, गिऱ्हाईक मिळते, आणि काही हंगामांत तेच झाड भलत्याच नावाने दुसरीकडे विकले जाते. ज्याने ते शोधले, जपले, त्याच्या हाती काही उरत नाही. हे थांबवण्याची सोय वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यात २००१ पासून आहे. भारतात वनस्पतीच्या वाणाला पेटंट मिळत नाही, त्यामुळे संरक्षणाचा मार्ग हाच. त्यातली एक अट मात्र वेळेत कळली नाही, तर नवा वाण म्हणून नोंदणीची संधी कायमची जाते. म्हणून ती आधी सांगतो.

पहिल्या विक्रीपासून एक वर्ष

नवा वाण म्हणून नोंदणी हवी असेल, तर अर्जाच्या तारखेआधी भारतात त्याची विक्री सुरू होऊन एक वर्षापेक्षा जास्त काळ झालेला नसावा. परदेशात विक्री झाली असेल, तर झाडे व वेलींसाठी ही मुदत सहा वर्षे आणि इतरांसाठी चार वर्षे आहे. विक्री म्हणजे पावती फाडून केलेलीच असे नाही. व्यापारी हेतूने तुमच्या संमतीने कलमे दुसऱ्याला गेली, तर तीही मोजली जातात. ओळखीच्या नर्सरीवाल्याला ‘लावून बघ, चालले तर विक’ म्हणून दिलेल्या दहा कलमांनी वर्ष सुरू होऊ शकते. निव्वळ चाचणीसाठी केलेल्या लागवडीने मात्र नवेपणा जात नाही. फुलांच्या प्रदर्शनात कुंडी ठेवली, लोकांनी पाहिली, एवढ्यानेही बाधा येत नाही. पण त्याच प्रदर्शनात पहिले रोप विकले, तर ती तारीख लिहून ठेवा.

माझे मत स्पष्ट आहे: अर्ज दाखल होईपर्यंत एकही कलम विकू नका. वर्षभराची सूट आहे म्हणून ती वापरलीच पाहिजे असे नाही.

वाण पात्र कधी ठरतो

नवेपणाशिवाय आणखी तीन कसोट्या आहेत. माहीत असलेल्या सर्व वाणांपासून तो किमान एका ठळक गुणात वेगळा हवा, सगळी रोपे एकसारखी हवीत, आणि पुन्हा पुन्हा वाढवूनही गुण टिकले पाहिजेत. फुलझाडांत अडचण येते ती टिकाऊपणात. रंगीत किंवा पांढरपट्टा पानांची फांदी पुष्कळदा पुन्हा हिरवी फुटते. म्हणून कलमाचे कलम, त्याचे पुन्हा कलम करून पाहा, आणि उलटलेली रोपे किती निघाली ते लपवू नका. मैदानी चाचणीत ते दिसतेच.

त्याआधी एक साधी तपासणी करा. केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेल्या पिकांचेच अर्ज घेतले जातात. गुलाब, शेवंती, बोगनवेल त्या यादीत आहेत. तुमचे झुडूप वेगळे असेल, तर ही नोंदणी करणाऱ्या वाण संरक्षण प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरची यादी पाहून मगच पुढे जा. त्याच ठिकाणी त्या पिकाची चाचणी-मार्गदर्शिका मिळते. काटे, पानाची कड, पाकळ्यांची संख्या, कळीचा आकार यांपैकी काय आणि कोणत्या अवस्थेत मोजायचे, ते तिच्यात दिलेले असते. संकर करण्याआधीच ती वाचली, तर निवड करताना नजर तयार होते.

फांदीवर सापडलेला वाण

नाशिकच्या द्राक्ष बागायतदारांना हे समजावून सांगायला नको. तास-ए-गणेश आणि सोनाका हे वाण थॉम्पसन सीडलेसमध्येच निसर्गतः झालेल्या बदलातून निवडले गेले. फुलझाडातही असा बदल सापडतो. पण मूळ वाणाचे बहुतेक गुण तसेच राहून एखादाच बदलला असेल, तर कायदा त्याला मुख्यत्वे मूळ वाणापासून निपजलेला वाण मानतो. त्यासाठी अर्जाचा नमुना २ भरावा लागतो आणि मूळ वाण नोंदणीकृत असेल तर त्याच्या हक्कधारकाची परवानगी लागते. पॉलिहाऊसमधला परदेशी गुलाब रॉयल्टी भरून आणलेला असेल, तर त्याच्या फांदीवरचा नवा रंग सर्वस्वी आपला, असे गृहीत धरू नका.

संकराची गोष्ट वेगळी आहे. नोंदणीकृत वाण नवा वाण तयार करण्यासाठी जनक म्हणून वापरायला कायदा मुभा देतो. फक्त नव्या वाणाच्या व्यापारी उत्पादनासाठी तोच जनक दर वेळी लागत असेल, तर परवानगी घ्यावी लागते. गुलाब एकदा निवडला की पुढे डोळा भरूनच वाढतो, त्यामुळे हा प्रश्न सहसा येत नाही.

अर्ज कोण करू शकतो आणि काय जोडायचे

वाण तयार करणारी व्यक्ती, तिचे वारस, हक्क लिहून घेतलेली व्यक्ती, विद्यापीठ, शेतकरी किंवा शेतकऱ्यांचा गट अर्ज करू शकतो. नवा वाण काढणाऱ्या शेतकऱ्याला पैदासकाराइतकाच हक्क आहे आणि त्याला शुल्क माफ आहे. इतरांना नोंदणी शुल्क आणि चाचणी शुल्क वेगवेगळे भरावे लागते. व्यक्ती, शिक्षणसंस्था आणि कंपनी यांचे दर निरनिराळे असतात. शेतकरी म्हणून अर्ज करत असाल तर सातबारा जोडलेला बरा.

नव्या वाणाला नमुना १. सोबत तांत्रिक प्रश्नावली, अर्ज करण्याचा हक्क सिद्ध करणारा पीव्ही-२, आणि दुसऱ्यामार्फत अर्ज करत असाल तर अधिकारपत्र म्हणून पीव्ही-१ हे नमुने. बीज वांझ करणारे जनुकीय तंत्र वाणात नाही असे प्रतिज्ञापत्र लागते. जनक वाणांची पूर्ण माहिती, ते भारतात कुठून घेतले ते ठिकाण, आणि ते कायदेशीर मार्गाने मिळवल्याचे निवेदनही द्यावे लागते. वाण घडवताना एखाद्या शेतकऱ्याचा, गावाचा हातभार लागला असेल तर तोही लिहायचा.

खरे काम या जनकांच्या माहितीतच आहे. कोणत्या झाडाचे पुंकेसर काढले, पराग कुठला घातला, फळ कधी पिकले, बी कधी रुजले, पहिले फूल कधी आले, हे तारखेसह वहीत हवे. फांदीला चिठ्ठी बांधा, पेन्सिलने लिहा, फोटो काढा. जनक रोपांच्या खरेदीच्या पावत्या त्याच वहीत चिकटवा. नवऱ्या-बायकोने मिळून किंवा जुन्या माळ्याच्या मदतीने वाण काढला असेल, तर हक्क कोणाचा ते आधीच कागदावर ठरवा.

नाव ठेवताना

गोदावरी, त्र्यंबक, पंचवटी अशी नावे आपल्याला आधी सुचणार, आणि अडखळायला होणार तेही इथेच. पूर्ण किंवा अंशतः भौगोलिक नाव कायद्याने सहसा चालत नाही. नोंदणी करणाऱ्या निबंधकांना प्रामाणिक वापर पटला तरच सवलत मिळते. कोणाच्या धार्मिक भावना दुखावणारे, नुसत्या आकड्यांचे, किंवा गुणांबद्दल गैरसमज करणारे नावही नाकारले जाते. आणि वाणाचे म्हणून नोंदलेले नाव ट्रेडमार्क म्हणून नोंदवता येत नाही. ब्रँड हवा असेल तर त्याचे नाव वेगळे ठेवा.

अर्जानंतर

छाननीनंतर नव्या वाणाच्या मैदानी चाचण्या किमान दोन हंगाम होतात. मागतील तितकी निरोगी, एकाच वयाची रोपे तयार ठेवा. मग वाणाची जाहिरात प्रसिद्ध होते आणि तीन महिन्यांत कोणीही हरकत घेऊ शकतो. या मधल्या काळात कोणी गैरफायदा घेतला, तर निबंधकांकडे संरक्षण मागता येते. वाणाचा ठरलेला नमुना राष्ट्रीय जनुक कोशात जमा करावा लागतो.

झाडे व वेलींना प्रमाणपत्र आधी ९ वर्षांचे मिळते आणि नूतनीकरणासह एकूण १८ वर्षे संरक्षण राहते. इतर पिकांना ६ आणि १५ वर्षे. बोगनवेलीसारखे झाड कोणत्या गटात धरले जाईल, हे अर्जाच्या वेळीच लेखी विचारा. वार्षिक शुल्क चुकवू नका, नोंदणी रद्द होऊ शकते. उल्लंघनाचा दावा जिल्हा न्यायालयात किंवा त्यावरच्या न्यायालयातच चालतो. मात्र रोप विकत घेतलेल्या शेतकऱ्याने ते ब्रँडशिवाय राखले, वाटले, विकले तर तो त्याचा हक्क आहे, त्याच्याशी भांडू नका.

प्राधिकरणाचे मुख्य कार्यालय नवी दिल्लीत आहे, शाखा कार्यालय पुण्यात. तांत्रिक वर्णन भरताना अडले, तर पुण्याचे पुष्पविज्ञान संशोधन संचालनालय, राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ किंवा नाशिकमधले मुक्त विद्यापीठाचे कृषी विज्ञान केंद्र यांच्याकडे जा. जाताना वही, फोटो आणि झाडाची फुललेली फांदी सोबत न्या.